मथुराबाईचा वरचा मजला

"आत्या, अठी सही कर अन् मोकळी हो."

"मोकळं कोन होईन रे इपुल? मी का माह्यं घर?"

खाली घरचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग, खडखडत होते, म्हणून आत्या-भाचे ओरडूनच बोलत होते. विपुल घरावर कर्ज काढून देणाऱ्या एका कंपनीचा एजंट. फाइल घेऊन फोपनारहून मोटारसायकलनं आला होता. घर आत्याच्या, मथुराबाईच्या नावावर, म्हणून सही तिचीच लागत होती.

"व्याज तं पाय! कार्डाले बेचाळीस टक्के, घरावर फक्त बारा."

"बेचाळीस टक्क्यानं माही झोप गेली. बाराच्या पायी घर जाईन. कार्डवाला फोनवर शिव्या देईन, लई झालं तं कोर्टात ओढीन. तुह्यावाला साहेब हप्ते चुकले की दाराले कुलूप ठोकीन. आठ दिवस थांब."

क्रेडिट कार्डं तिच्या नवऱ्यानं, लोटूभाऊनं घेतलेली. एकाच बँकेची दोन. सूत महाग झालं तेव्हा त्यानं सूतही कार्डावर घेतलं अन् नवी मोटारसायकलही. बुऱ्हाणपुरात लूमवाल्यांची रीत अशी, की सूतवाल्या शेठला दर आठवड्याला हाताशी येईल तेवढं द्यायचं. खातं चालतं राहिलं की शेठ खूश, व्याजाचं नाव नाही. लोटूभाऊनं बँकेलाही शेठच धरलं. बिलावर कमीत कमी भरायचा आकडा असायचा, तेवढा भरून तो मिशीवर हात फिरवायचा. "आपन कोनाचं ठेवत नाही!" अडीच वर्षं भरलं, अन् देणं साडेतीन लाखावर गेलं.

दुसऱ्या दिवशी मथुराबाई नवऱ्याला घेऊन बँकेत गेली. मोठा साहेब जेवायला गेला, तरी ती बाकावरून हलली नाही.

साहेब आल्यावर ती म्हणाली, "थोडे देऊन बाकीचं माफ करा म्हनायले मी आली नाही. हे दोन्ही कार्डं बंद करा. व्याज कमी करा, अन् सगळ्याचे हप्ते पाडा."

साहेबानं कॉम्प्युटरात पाहून हिशेब सांगितला. मोटारसायकल विकून पन्नास हजार आधी भरले तर तीन वर्षांचे हप्ते होतील, व्याज सोळा टक्के, महिन्याला साडेदहा हजार.

घरी येताना लोटूभाऊनं रिक्षात विचारलं, "एवढे आनाचे कुठून?"

"वरचा मजला भाड्यानं दिऊ. आपन खाली, लूमच्या बाजूच्या खोलीत."

"हट! घरमालकानं लूमजवळ झोपाचं? लोकं काय म्हनतीन?"

"लोकं हप्ता भरतीन का? भरत असतीन तं इचारून ये. मी रिक्षा थांबवते."

लोटूभाऊनं रिक्षा थांबवू दिली नाही.

मोटारसायकल विकून पन्नास हजार भरले. रविवारी सरकारी दवाखान्यातली नर्स गायत्री वर राहायला आली. भाडं सहा हजार. बाकीचे लोटूभाऊच्या हातून निघाले. कांड्या भरायला, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळायला, महिना साडेचार हजारांवर एक बाई यायची. तिला मथुराबाईनं शेजारच्या कारखान्यात लावून दिलं अन् नवऱ्याला चरख्यावर बसवलं. पहिल्या दिवशी त्याच्या कांड्या अशा ढिल्या, की धोटा दर दोन वितीला अडकायचा.

आठव्या दिवशी विपुल आला. लोटूभाऊला चरख्यावर पाहून त्याला हसू आवरेना.

"मामाजीले नोकरी लागली वाटते?"

"व्हय. पगार नाही, चहा दोन टाइम. तू तुही फाइल घेऊन जाय. सही होनार नाही."

"माहं कमिशन गेलं ना आत्या!"

"भाकर खाऊन जाय. वांग्याचं भरीत हाये. कमिशन तेवढंच."

घराचे कागद तिनं पत्र्याच्या पेटीत घातले, वर जुनी गोधडी दाबली अन् कुलूप लावलं. तेवढ्यात तिसऱ्या नंबरचा लूम थांबला.

"अहो, तुमचीच कांडी अडकली! घट्ट भरा म्हनलं तं ऐकत नाही," असं म्हणत तिनं पदर खोचला अन् तुटलेला धागा जोडायला लूमवर वाकली.