गोऱ्या बहिणीचा फोटो

वैरागहून आम्ही सोलापुरात, भवानी पेठेत राहायला आलो आणि दोन वर्षांत माझी आठ वर्षांची बहीण गोरी झाली. आमच्या घरात कुणीच गोरं नाही, त्यामुळे कौतुक जरा जास्तच झालं. आत्या आली की तिची हनुवटी धरायची. "हिला शेराचं पाणी लई मानवलंय की!" आई लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळायची.

खो-खोत बहीण आता दोन फेऱ्यांतच खाली बसायची. "आक्का, छातीत धडधडतंय."

"हरायला लागलीस की धडधडतं व्हय गं तुला?" मी म्हणायचे.

कॉलेजात माझा विषय आहारशास्त्र. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून तिथल्या स्पर्धेचं पोस्टर फार मनापासून केलं. लाल स्केचपेननं लिहिलं: 'लोह कमी पडलं की रक्त फिकं होतं आणि मुलाच्या हृदयाला जास्त राबावं लागतं.' शेजारी सुदृढ मुलाचा फोटो हवा होता. मी बहिणीचाच लावला. दुसरा नंबर आला.

पुढच्याच आठवड्यात ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी छाती बराच वेळ तपासली. "हृदयात वेगळा आवाज येतोय. रक्त तपासू, इकोही करू."

दोन दिवस आई जेवली नाही. "काळजाला भोक तर नसंल?" एवढंच विचारायची. मी पुस्तक उघडायचे आणि मिटायचे.

भोक नव्हतं. रक्त फार कमी होतं. डॉक्टरांनी बहिणीची खालची पापणी ओढून आम्हाला दाखवली. आतून पांढरी. "पोर इतकी फिकी पडली, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

आई खरं तेच बोलली, "आमाला वाटलं, गोरी झाली."

डॉक्टर हसले नाहीत. मला विचारलं, "तू काय शिकतेस?"

मी सांगितलं. बहुतेक त्यांना ऐकू गेलं नाही.

मग लोहाचं औषध, मटकी, पालेभाजी आली, जेवणावरचा चहा गेला. मी पोस्टरवरचा फोटो काढून घेतला. मॅडमना कारण अजून सांगितलेलं नाही.

चार महिन्यांनी आत्या आली. बहीण गल्लीत धावत होती.

"अगं बया! पोरगी पार काळवंडली की!"

"व्हय वन्सं," आई म्हणाली, "लई काळी झाली." आणि मीठ-मोहऱ्या आणायला आत गेली.