बयूमीच्या दोन दुर्बिणी

बयूमी सुताराचं बूड दुपारपासून कुठे टेकलं नव्हतं. शुक्रवारच्या बाजारात जुन्यापान्या वस्तू विकणाऱ्यानं दोन जुन्या दुर्बिणी पारखायला दिल्या होत्या आणि संध्याकाळी त्यातली एक परत करायची होती. दोन्ही लहानखुऱ्या, आत लोलक असलेल्या वाकड्या नळ्यांच्या, झग्याच्या खिशात सहज मावणाऱ्या. जपानी हलकी, पण तिचं चाक करकरायचं. रशियन जड, काच पिवळसर, पण आकाश कसं ऐसपैस दिसायचं. खोड मात्र दोघींना एकच होती. डाव्या नळीत धुकं.

"चोर लेकाचा! दोन्ही आंधळ्याच गळ्यात मारल्या," गच्चीवर येरझाऱ्या घालत तो करवादला.

"मग दे परत. कबुतरं बघायला दुर्बीण लागते होय?" कपडे वाळत घालणारी त्याची बायको नजात म्हणाली. जन्मभर पिसं झाडून तिला त्या पाखरांचा वीट आला होता.

तेवढ्यात उडवलेला थवा खुराड्यात परतला. बयूमीनं पाखरं मोजली. थव्यात कहला नव्हती. त्याची लाडकी, काजळ घातल्यासारख्या डोळ्यांची मादी. पलीकडच्या गच्चीवरच्या शलबी कबुतरवाल्याचा थवा अजून वर घिरट्या घालत होता. त्यातच मिसळली असणार. ज्याच्या गच्चीवर पाखरू उतरेल त्याचं ते, हा कैरोतल्या कबुतरवाल्यांचा कायदा. मागायला जाणं म्हणजे नाक कापून घेणं. आता एकच उपाय. कहला त्या थव्याच्या कडेला येईल नेमकी तेव्हाच आपली पाखरं वर सोडायची, म्हणजे त्यांच्यामागे येते. वेळ चुकली तर उरलेलीही जायची.

बयूमीनं जपानी लावली. धुकं. रशियन लावली. धुकं. समोर शलबी थवा उतरवायला झेंडा खाली घ्यायला लागला.

"उम्म रिदा, अगं, काही दिसत नाही गं!" त्यानं बायकोला नेहमीसारखी 'रिदाची आई' म्हणून हाक मारली.

नजातनं ओल्या हातानं रशियन ओढून घेतली. "धुकं कुठंय? लख्ख आहे." मग जपानी लावली. "हीपण."

बयूमीनं उजवा डोळा झाकून पाहिलं. दोरीवरचे कपडे, नजात, तिची लाल ओढणी, सगळं दुधात बुडालं. त्याला भयंकर भीती वाटली.

"ती बघ माझी सवत!" नजात ओरडली. "शेपटीत एकच पांढरं पीस. थांब, अजून नको... कडेला येतेय... आता! सोड, सोड रे!"

त्यानं खुराड्याचं दार उघडलं. पंखांचा फडफडाट डोक्यावरून वर गेला, गोल फिरला आणि परत खाली आला.

"आली का?" तो आकाशाकडे बघत होता.

"तुझ्या डाव्या हाताला, कठड्यावर. अरे बघ की!"

बयूमीला मान पूर्ण वळवावी लागली. कहला तिथंच बसली होती. त्यानं तिला उचलून छातीशी धरलं.

"तुझ्या डोळ्यांना कुठली बरी वाटते?" मग त्यानं विचारलं.

"मला काय करायचीय?"

"उद्यापासून बघायचं तूच. डावा गेला माझा."

नजातनं जपानी उचलली आणि तिची डावी काच, लख्ख होती तरी, ओढणीनं पुसत बसली.