रोखशेठच्या नावावरचा फ्रीज

चावीवाल्याला सगळी गल्ली रोखशेठ म्हणायची. हप्त्यावर त्याने आयुष्यात साधा टेबलफॅनसुद्धा घेतला नव्हता, आणि हे तो चावी घासता घासता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गिऱ्हाईक घराबाहेर अडकलेलं, जाणार कुठे?

पण गाड्यांच्या नव्या चाव्या बनवायचं मशीन काही रोखीत बसेना. शेवटी मनावर दगड ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून तो बँकेत गेला. कर्ज देणाऱ्या मॅडमनी त्याची माहिती भरली आणि स्क्रीनकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, तुमचा क्रेडिट स्कोअर फारच खाली आहे. फ्रीजचे सात हप्ते थकलेत. ट्रेडमिलचे नऊ."

"कुणाचे?"

"तुमचे."

मॅडमनी रिपोर्ट छापून हातात दिला. "घरी नीट वाचा. चूक असेल तर तक्रार करता येते."

घरी तो वाचला बायकोने. चष्मा नाकावर ओढून, एकेक ओळ.

"अहो, डबल डोअर फ्रीज?" आवाज अगदी शांत होता, म्हणूनच रोखशेठला घाम फुटला. "आपल्या फ्रीजचं दार मी चार वर्षं दोरीने बांधतेय. मग हा कुणाच्या घरी आहे? आणि हा पत्ता कुणाचा?"

"अगं, शप्पथ! ती गल्ली मी बघितलेलीसुद्धा नाही."

"मग फ्रीज काय तुमचं नाव विचारत विचारत गेला तिकडे?"

बत्तीस वर्षांचा संसार एका फ्रीजपायी मोडणार, असं त्याला वाटलं. तेवढ्यात तिने पान उलटलं. ट्रेडमिल. तिने चष्म्यावरून नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत सुटली.

"दुसऱ्या मजल्यावर येताना तीनदा बसता तुम्ही! नाही हो, हा माणूस तुम्ही नव्हेच."

निर्दोष सुटल्याचा आनंद मानावा की राग, हे रोखशेठला कळेना.

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत हजर. बायकोने दोन पानी तक्रार लिहून आणली होती, त्यात दीड पान नवऱ्याला लागणाऱ्या धापेचं वर्णन. मॅडमनी ते हळूच बाजूला सारलं आणि ओळखपत्राचा नंबर ताडून पाहिला. नाव तेच, जन्मतारीख तीच, पण नंबरातला शेवटचा आकडा वेगळा. कुणा भलत्याच्याच कर्जाची नोंद याच्या माथी आली होती. रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार गेली, सोबत ओळखपत्राची प्रत. तक्रारीचा नंबर बायकोने कपाटाच्या दाराला चिकटवला.

महिन्याने उत्तर आलं. फ्रीज उतरला होता, ट्रेडमिल जागच्या जागी.

"तुमचं वजन त्यांच्याही डोळ्यांवर आलेलं दिसतंय," बायको म्हणाली.

पुन्हा तक्रार. या वेळी कर्ज देणाऱ्या कंपनीलाही पत्र. तीन आठवड्यांनी ट्रेडमिलही गेली. रोखशेठ छाती पुढे काढून, बायकोला घेऊन बँकेत गेला, तर मॅडम म्हणाल्या, "काका, आता तुमचा स्कोअरच नाही. कधी कर्जच घेतलं नाही, तर फेडता की नाही हे कळणार कसं? काकूंना सहकर्जदार करा. त्यांचा रिपोर्ट बघू?"

"बघा की!" रोखशेठ म्हणाला. बायकोला एकाएकी गॅस बंद केला की नाही, ते आठवेना.

तिच्या रिपोर्टात एकच कर्ज होतं. शिवणयंत्र. बारा हप्ते, बाराही वेळेवर, खातं बंद. स्कोअर असा, की मॅडमनी मान वर करून तिच्याकडे पुन्हा पाहिलं.

"शिवणयंत्र तुझ्या भावाने दिलं होतं ना?"

"त्याने दुकानापर्यंत सोबत दिली," ती म्हणाली. "हप्त्याचं नाव काढलं की तुम्ही जेवणावरून उठता. काय करणार होते मी?"

मॅडमनी अर्ज पुढे सरकवला. "पहिलं नाव कुणाचं घालू?"

रोखशेठने पेन बायकोच्या हातात दिलं.