भूल चढेपर्यंत

खच्चीकरणासाठी आणलेल्या जनावराला भुलीचं इंजेक्शन दिलं की नामदेवराव त्याच्या डोक्याशी उकिडवे बसत आणि त्याच्या कानाकडे पाहत राहत. तेवढा वेळ दवाखान्यातलं सगळं काम थांबे. मालक उभा, हात धुऊन मी उभा, पुढच्या माणसाची बकरी दाराशी ओरडतेय, आणि आमचे हे ड्रेसर, म्हणजे मलमपट्टीचे मदतनीस, निवांत बसलेले. मधूनच ते कापायच्या जागेची कातडी चिमट्याने दाबून बघत. जनावराचा कान हलला की म्हणत, "नाही चढली अजून. थांबा जी, साहेब."

नागपूरच्या त्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर म्हणून रुजू झालो. सव्वीस वर्षांचा, धरमपेठेसारख्या सुशिक्षित वस्तीत वाढलेला, वर्गात पहिला आलेला. नामदेवराव पन्नाशीला टेकलेले, सातवीपर्यंत शिकलेले. तेव्हा मी त्यांना नुसतं 'नामदेव' म्हणे. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "पाय तर बांधलेत. कान कशाला बघतोस?"

"पाय आपण बांधले ना, साहेब. ते काय सांगतीन? कान मोकळा हाये."

कुठल्याही प्राध्यापकाने मला हे सांगितलं नव्हतं. म्हणूनच ते झोंबलं.

त्या काळी बऱ्याच ठिकाणी भूल देतच नसत. चार माणसांनी गोऱ्हा पाडायचा, पाय धरायचे आणि डॉक्टरने झटकन उरकायचं. मिनिटभराचं काम, जनावर विसरून जातं, असं आम्ही एकमेकांना सांगत असू. नामदेवरावांनी वीस वर्षं असे पाय धरले होते. एकदा चहा पिताना म्हणाले, "तुमचं ध्यान सुरीवर राहते. पाय धरणाऱ्याले सगळं समजते. घरी जाऊन जेवाले बसलो तरी त्याचे झटके माह्या हातात लागून राहायचे." शेवटी एका जुन्या डॉक्टरांच्या मागे लागून ते भूल द्यायला शिकले. नियमाने ते त्यांचं काम नव्हतं, पण कोणी हरकत घेतली नव्हती.

मी खुर्चीत बसलेला दिसत असूनही शेतकरी दारातूनच विचारत, "नामदेवभाऊ हायेत का?" नसले तर गोऱ्हा परत नेत. जनावरंही त्यांच्या हाताखाली शांत होत. कोणी नसताना मी त्यांच्यासारखा मानेवर हात ठेवून पाहिला, त्यांच्यासारखा आवाज बारीक करून पाहिला. काही उपयोग झाला नाही. घरी मी त्यांची टिंगल करी. एके दिवशी बायको म्हणाली, "रोज नामदेवच कसा येतो हो तुमच्या बोलण्यात?" त्या रात्री मी तिच्याशी धड बोललो नाही.

महाल भागातले टांगेवाले रशीदमियाँ आपला घोडा घेऊन आले, तेव्हा नामदेवराव भाचीच्या लग्नासाठी शहरातच जरीपटक्याला गेले होते. घोडा दुसऱ्या घोड्यांना चावे, रस्त्यात उधळे, म्हणून खच्ची करायचा होता. "नामदेवभाऊ कल आयेंगे ना? तो मैं कल आता हूँ," रशीदमियाँ म्हणाले.

"डॉक्टर मी आहे," मी म्हणालो.

दोरांनी बांधून घोडा पेंढ्यावर पाडला. मी इंजेक्शन दिलं. घड्याळाकडे पाहिलं, मग मालकाकडे. तो माझ्याकडे विश्वासाने बघत नाहीये असं मला वाटलं आणि मी सुरी लावली. दोन मिनिटंही झाली नव्हती.

घोडा असा काही किंचाळला की समोरच्या रस्त्यावरची माणसं थांबली. एक दोर तुटला. डोकं धरून बसलेले रशीदमियाँ भिंतीवर आदळले. घोडा अर्ध्या कापल्या अंगाने उठून आवाराच्या कोपऱ्यात गेला. रक्त गळत होतं आणि तो कोणाला जवळ येऊ देत नव्हता. शिपाई मला न विचारताच सायकलवर टांग मारून गेला. तो कोणाला आणायला गेला हे मला कळलं, आणि मी त्याला थांबवलं नाही.

नामदेवराव लग्नाच्या नव्या धोतरात आले. घोड्याशी बोलत बोलत जवळ गेले, मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग त्याला पुन्हा निजवलं, पुन्हा भूल दिली. आम्ही थांबलो. पुरी दहा मिनिटं. उरलेलं काम मीच केलं आणि घोडा हललासुद्धा नाही.

रशीदमियाँना ते म्हणाले, "औषध कच्चं निघालं गा. साहेबांचा काही दोष नाही."

त्यांनी मला वाचवलं, आणि मला नेमकं तेच सहन झालं नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक जनावरापाशी थांबू लागलो, हे खरं. पण महिन्याभरात मी वरिष्ठांना पत्रही लिहिलं, की ड्रेसर स्वतः इंजेक्शनं देतो, हे नियमाला सोडून आहे. त्यांची बदली काटोलच्या बाजूला, औषधांच्या कोठारावर झाली. तिथे जनावर दृष्टीस पडत नसे. जाताना ते मला म्हणाले, "हात चांगला हाये तुमचा. फक्त घाई नका करू."

दहाएक वर्षांनी, ते निवृत्त होऊन नागपुरात परतल्यावर, मी त्यांच्या घरी गेलो. "नामदेवराव, ते पत्र मी लिहिलं होतं."

"मालूम हाये. कारकुनानं तवाच सांगतलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे चहाचा कप सरकवला. "घोड्याच्या त्या दिवसापासून तुम्ही थांबाले लागले होते. मी भांडलो असतो तं माह्यावरच्या रागानं तुम्ही थांबणं सोडलं असतं. मंग जनावराचे हाल झाले असते."

मी खरंच सोडलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. घाटावर गवळी होते, टांगेवाले होते, कोठारातून सुटल्यावर ते ज्यांच्या गोठ्यात जात ते काटोलकडचे शेतकरी होते. जो तो त्यांच्याविषयी सांगत होता. मी एका कडेला उभा राहून ऐकत होतो, आणि तिथेसुद्धा मला त्यांचा हेवा वाटला.