जनार्दनकाकांची बिडी

असल्या गोष्टी वाचताना मी नेहमी मनात हसायचे. अंगात येणं, नजर लागणं... काहीच मानलं नाही. स्वतःबद्दल चारचौघांत बोलायचीही मला सवय नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी चुकली तर सांभाळून घ्या.

मालाड वेस्टला, मार्वे रोडवर आमच्या संस्थेचं छोटं सेंटर आहे. एचआयव्ही असलेल्या पेशंट्सची बिडी-सिगरेट सोडवणं हे माझं काम. गोळ्या नियमित घेतल्या तर आजार आटोक्यात राहतो, पण मग बिडी फुप्फुसं खाते.

जनार्दनकाका (नाव बदललंय) वर्सोव्याचे. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून एवढ्या लांब यायचे. त्यांना टीबी होऊन गेला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बिडी चालू राहिली तर श्वास पुरणार नाही.

आमच्याकडे बिडी सोडायच्या दिवशी पेशंट शेवटचं बंडल काउन्सेलरला, म्हणजे मला देतो. काका ते शर्टाच्या डाव्या खिशातून काढून टेबलावर ठेवायला लागले. सवय असते त्यांना... लोक त्यांच्या हातून काही घेत नाहीत. म्हणून मी मुद्दाम तळहात पुढे केला.

"हातावर घेऊ नको गो बाय," त्यांची बायको, मावशी, पटकन म्हणाली. "खाली ठेवू दे, मग उचल."

"मावशी, हात लागून काही होत नाही."

"रोगाचं नाय बोलत मी! तेवढं मला पण कळतं. व्यसन हाय ते, हातातून हातात जातं."

काका हसले. "घे गो. हिचं काय ऐकते? हिला मासळी बाजारात गिऱ्हाईक पण चोर दिसतं."

मी घेतलं आणि डस्टबिनमध्ये टाकलं.

पुढच्या आठवड्यात ते दोघं परत आले. आमच्याकडे एक मशीन आहे, त्यात फुंकलं की शरीरात किती धूर गेलाय ते कळतं. पेशंटला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आधी मी फुंकून दाखवते. माझा आकडा नेहमी एक-दोन.

त्या दिवशी आला बावीस.

रोज बंडल संपवणाऱ्याचा आकडा! काकांनी फुंकलं — एक. नर्सने फुंकलं — दोन. मी परत... बावीस. दुसरं मशीन आणलं, तेच. मी आयुष्यात सिगरेट ओठांना लावलेली नाही. घरीही कुणी ओढत नाही.

"मॅडम, तलफच येत नाय," काका खुशीत सांगत होते. "जेवल्यावर पण नाय. कुणी काढून नेल्यासारखी."

तो आठवडाभर जेवण झालं की माझी बोटं छातीवर डावीकडे खिसा चाचपत होती. माझ्या कुर्त्याला तिथे खिसाच नाही.

डॉक्टरांना दाखवलं. सगळ्या तपासण्या नॉर्मल. "लपून ओढतेस का गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

आता काकांचं वजन वाढलंय. आमचा जिना न थांबता चढतात. मागच्या वेळी ते मशीनमध्ये फुंकत असताना मावशी माझ्याजवळ सरकली.

"खरं सांग बाय, तुझ्याकडे आली का यांची तलफ? यांना पण संशय हाय. बोलले, तसं असेल तर मी परत ओढीन, पोरीच्या जिवावर नको मला."

"नाही हो मावशी. मी एकदम बरी आहे."

हे काय आहे, मला आजही माहीत नाही. त्यांना कधीच कळू नये, एवढंच वाटतं. दुपारचा डबा संपला की मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते... आणि वाट बघते, ती तलफ जाईपर्यंत.