पूर्णेच्या बेटावरून परतताना

सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माझा बाप पुंजाजी गाडीवान होता. त्याची मात्र झोप तेवढी गेली. दिवसरात्र तो अमरावतीच्या बाजारात कापसाचे बोरे वाहायचा, तिथं ते पाठीवरून काट्यावर न्यायचा. बैलांना वाट पाठ होती, म्हणून झोप गाडीतच उरकायचा.

एकदा आई हट्टालाच पेटली. "एक दिस तरी लेकरायले पूर्णेवर न्या!"

मग पौषात आम्ही नदीतल्या वाळूच्या बेटावर गेलो. आईनं गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. आम्ही भावंडं वाळूत लोळलो, पाण्यात खेळलो. बा आडवा झाला तो जेवायलाच उठला, आणि जेवून पुन्हा आडवा. आईनं कपाळाला हात लावला.

परततानाही आम्ही सगळे गाडीत पेंगलो. कासरा कुणी धरलाच नाही. गाडी थांबली तेव्हा उन्हं कलली होती. बैल गावाकडे वळलेच नव्हते. कापूस-बाजारातल्या गाड्यांच्या रांगेत इमानानं उभे होते.

बा अर्धवट झोपेतच उतरला, गाडीमागे आला, मला पाठीवर घेतलं आणि वजनकाट्याकडे चालू लागला.

"अवो, बोरा नोहे थो! पोरगी हाये!" आई ओरडली.

बा थांबला. "तरीच म्हनलं, हलकं कावून लागून राहिलं!"

मी केव्हाच जागी झाले होते. पण डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर त्यानं मला खाली ठेवलं असतं, आणि ती पाठ पुन्हा कापसाचीच झाली असती.