सोनवणे मास्तरांचा फळा

सोनवणे मास्तर वर्गात आले की हजेरी घेण्याआधी विचारायचे, "आज कोणाकोणाचा दिवस?"

जळगावच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवत. मुख्य फळ्याच्या बाजूला त्यांनी एक लहान फळा स्वतः खिळा ठोकून टांगला होता. मधोमध उभी रेघ होती, डावीकडे "आपल्या इथे" आणि उजवीकडे "बाहेर". बाहेरचं ते स्वतः लिहीत. चार जुलै आली की अमेरिका, चौदा जुलै आली की फ्रान्स. डावी बाजू आम्ही भरायची. तिथी, सण, बाजार, कोणाच्या घरचं लग्न, कोणाच्या आजोबांचं श्राद्ध, काहीही चाले. एका चौदा जुलैला मास्तरांनी लिहिलं, "फ्रान्स : तुरुंग फोडला." त्याच्या शेजारी सुपडूच्या सांगण्यावरून लिहिलं गेलं, "सुपडूची म्हैस व्याली." वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "पॅरिसला तुरुंग फोडण्याइतकंच सुपडूच्या घरी आज मोठं काम झालं," असं म्हणून त्यांनी म्हशीला झालं काय, पारडू की पारडी, हेही विचारून लिहिलं.

रोजचं सगळं ते एका जाड वहीत उतरवून ठेवत. एका तारखेला एक पान, दर वर्षी त्याच पानावर खाली नवी ओळ. दर वर्षीची शाई वेगळी, कुठे निळी, कुठे काळी, कुठे पिवळट झालेली.

मास्तर मूळचे धुळ्याकडचे. शिकवताना पुस्तकातली भाषा बोलत, पण मनातलं काही बोलायचं झालं की अहिराणी येई. एकदा मोहरम आणि कसलासा उपास एकाच दिवशी आला. पोरांमध्ये वाद लागला, आज खरा दिवस कोणाचा? मास्तर खडू खाली ठेवून म्हणाले, "दिवस काय कोना एकना बापना नही शे. दिवस बठ्ठासले पुरस."

दिवस सगळ्यांना पुरतो, या वाक्याचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला नव्हता. तो कळला बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या जानेवारीत.

मी जामनेरजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी इंग्रजी शाळेची पायरी चढलं नव्हतं. मला नादारी होती, म्हणून फी माफ होती. आबा, म्हणजे माझे वडील, दर खेपेला मी निघताना एवढंच सांगत, "भागवत, नादारी जाईल असं काही करू नको." मी मान डोलवत असे. पण त्या वर्षी शहरातली मोठी माणसं तुरुंगात होती आणि सव्वीस जानेवारीला, दर वर्षी स्वातंत्र्याची शपथ घ्यायच्या दिवशी, सभा घ्यायला कोणी उरलं नव्हतं. तेव्हा आम्ही मॅट्रिकच्या मुलांनी ठरवलं, शाळा भरण्याआधी मागच्या अंगणात ओळीने उभं राहायचं, मनातल्या मनात शपथ घ्यायची आणि गूळ-शेंगदाणे वाटायचे. शेंगदाणे नशिराबादच्या युसुफने आणले. त्याचे वडील पिंजारी होते. शपथेचा कागद माझ्या खिशात होता, कारण माझं अक्षर बरं होतं.

मास्तर नेहमीप्रमाणे लवकर आले होते. वर्गातूनच खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं, "आज कोणाकोणाचा दिवस?"

कोणी बोललं नाही. मीही नाही. मास्तरांनी आमच्या डोक्यांवरच्या पांढऱ्या टोप्या पाहिल्या, युसुफच्या हातातली पिशवी पाहिली. मग फळ्याकडे वळून उजव्या बाजूला काहीतरी लिहिलं. "डावी बाजू मोकळी राहिली," ते म्हणाले. "राहू दे."

आमची शपथ जेमतेम झाली होती. शेंगदाणे वाटायला सुरुवात झाली आणि फाटकातून फौजदार आत आला. मागे दोन शिपाई. कोणीतरी बातमी दिली असावी. खिशातला कागद मला विस्तवासारखा लागत होता. आबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"काय चाललंय इथे?" फौजदार ओरडला.

मास्तर पायऱ्या उतरून आले. कोटाला खडू लागलेला, काखेत ती जाड वही. "या साहेब. आज ऑस्ट्रेलियाचा स्थापना दिन. बादशहांच्या राज्यातला केवढा मोठा मुलूख."

"मला शिकवू नका, मास्तर. सव्वीस तारीख आहे आज."

"म्हणूनच तर. दर सव्वीस जानेवारीला असतो." त्यांनी वही उघडून पुढे धरली. फौजदाराने पान पाहिलं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रेलिया. खाली ताजी शाई, वरच्या ओळींची पिवळट. तो खिडकीपाशी गेला, आतला फळा पाहिला. तिथेही तेच.

"आणि हे गूळ-शेंगदाणे?"

"तिकडे मेंढ्या फार आहेत, साहेब. पण मेंढ्या वाटणं आमच्या शाळेला परवडत नाही."

एक शिपाई हसला. फौजदार हसला नाही. त्याने बोट माझ्याकडे केलं. "तू. तू सांग, आज कसला दिवस?"

माझ्या ओठांवर दुसरंच काही होतं. मी मास्तरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, वहीचं पान सरळ करत होते. मी म्हणालो, "ऑस्ट्रेलियाचा." मग धडाधड सगळं बोललो. सिडनीच्या बंदरात जहाजं लागली, निशाण रोवलं, मेंढ्या, लोकर, सोन्याच्या खाणी. शेवटी पावसाचं सरासरी मानही सांगू लागलो तेव्हा फौजदाराने हात वर केला. "पुरे." मग युसुफच्या पिशवीतून मूठभर शेंगदाणे घेतले आणि चावत चावत निघून गेला.

फाटक लागल्याचा आवाज आला. मी तिथेच पायरीवर बसलो. सगळी पोरं एकदम बोलू लागली. कोणी कोणाच्या पाठीवर थापा मारत होतं. युसुफ म्हणाला, "अरे भागवत, आणखी थोडं बोलला असतास तर फौजदाराला बोटीत बसवून धाडलं असतंस!" इतकं हसू मला आयुष्यात आलं नव्हतं. आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं.

सुटी झाल्यावर मी मास्तरांना म्हणालो, "सर, मी खोटं बोललो. आपला दिवस असून बोललो नाही."

"खोटं कुठे? तो दिवसही आज आहेच." मग माझ्या खिशाकडे पाहून हळूच म्हणाले, "तो कागद आता चुलीत घाल. आणि मनातलं पुसू नको."

माझी नादारी राहिली. मी मॅट्रिक झालो, आता कॉलेजात आहे. आबांना ही हकिकत अजून सांगितलेली नाही.

मास्तर निवृत्त होऊन धुळ्याला मुलीकडे राहायला गेले. यंदा पंधरा ऑगस्टला पहाटेच्या सर्व्हिस मोटारीने मी त्यांना भेटायला गेलो. ओट्यावर तोच फळा टांगलेला होता. मास्तर वाळले होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. फळ्यावर लिहिलं होतं : शुक्रवार. अधिक श्रावण, वद्य चतुर्दशी. रमजानचा शेवटचा जुम्मा. ख्रिस्ती लोकांचा मरियमचा सण. नातीचा पहिला दात.

खाली एक ओळ मोकळी होती.

"सर, मुख्य तेच राहिलं की!"

त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. "तुनी एक ओळ राहेल शे."

मी उभा राहिलो. माझं अक्षर बरं आहे असं सगळे म्हणतात, पण त्या दिवशी ते चांगलं आलं नाही. "हिंदुस्थानचा स्वातंत्र्यदिन" एवढं लिहायला मला किती वेळ लागला कोण जाणे. मास्तरांनी मोठ्याने वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. नातीला वाचून दाखवलं.

चहा घेताना मी विचारलं, "सर, आता सव्वीस जानेवारीचं काय? तो दिवस रिकामा झाला."

मास्तरांनी वही मागवून घेतली, ते पान काढलं आणि खालच्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं.

"दिवस रिकामा राहत नसतो, भागवत. जागा आहे. ठेवील कोणीतरी काहीतरी."